आय-सेव्हन म्हणजे नेमकं कितवं?
टिकाऊ गेमिंग कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं

वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात प्रोसेसरवर लेख? संपादकांनीही आधी हेच विचारलं. मी म्हटलं, हा लेख वाचण्याबद्दलच आहे. कवितेची ओळ नीट वाचली नाही तर फार तर दोन मार्क जातात. प्रोसेसरचं नाव नीट वाचलं नाही तर घरच्यांचे अडतीस हजार जातात. आमचे गेलेत.

आमचं घर उज्जैनला. डॅडी मूळचे वसईचे, रेल्वेत नोकरीला, म्हणून देवास गेटपासून चालत सात-आठ मिनिटांवर आमचं क्वार्टर. २०१९ साली मी दहावीत होते. अभ्यासाला एक कॉम्प्युटर हवा आणि धाकट्या भावाला त्यावर थोडं खेळता यावं, एवढीच अपेक्षा. दुकानदाराने नवाकोरा कॅबिनेट दाखवला, त्यावरच्या निळ्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आय-सेव्हन है अंकल, दस साल देखना नहीं पड़ेगा." डॅडींनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी. मी स्टिकर वाचला आणि मान डोलावली.

तो प्रोसेसर होता आय७-२६००. तो बाजारात आला २०११ साली. म्हणजे आमच्या घरात आला तेव्हाच त्याचं वय आठ वर्षं होतं. लॉकडाऊनमधले ऑनलाइन तास त्यावर निभावले, पण जरा मोठा गेम लावला की स्क्रीन गोठायची. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि विंडोज ११ त्यावर चढेना, कारण इंटेलच्या बाबतीत त्याला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो.

त्याच आठवड्यात मी दिवाळीच्या सुट्टीसाठी बोरिवलीहून अवंतिका एक्स्प्रेस पकडून घरी गेले. भाऊ आता बारावीत. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर नव्या कॉम्प्युटरची यादी करून ठेवली होती. डॅडी म्हणाले, "मम्मीची आरडी सुटलीय. नव्वद हजारांच्या वर जायचं नाही. पण हे मशीन याचं ग्रॅज्युएशन होईपर्यंत चाललं पाहिजे. मधे एक रुपयाही मागायचा नाही. आणि यादी ताईने तपासायची."

मागच्या वेळी मान डोलावणारी मीच होते, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. म्हणूनच मी ती सुट्टी अभ्यासाला बसले. त्या अभ्यासाचा हा सारांश.

१. आधी पूर्ण नाव वाचा

आय३, आय५, आय७ ही नुसती श्रेणी आहे. रेल्वेत स्लीपर, थ्री एसी, टू एसी असतात तशी. डबा कोणत्या साली बांधला, हे श्रेणीवरून कळत नाही. ते कळतं पुढच्या आकड्यांवरून. आय७-२६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. आय३-१२१०० मधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी पिढी. दोन्हींत चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. पण २०२२ सालचा हा आय३ त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो, कारण प्रत्येक कोअर एका ठोक्याला कितीतरी जास्त काम उरकतो.

शेवटची अक्षरंही वाचा. इंटेलमध्ये 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. 'के' असेल तर त्याचा वेग वाढवायची मोकळीक आहे, जी आपल्यापैकी बहुतेकांना लागत नाही. एएमडीच्या रायझनमध्ये 'एक्स३डी' हा शेपूट असेल तर त्या प्रोसेसरच्या पोटात जादा कॅश मेमरी आहे. गेममध्ये तिचा मोठा फायदा होतो.

आता इंटेलने 'कोअर अल्ट्रा' अशी नवी नावं सुरू केली आहेत, म्हणून पाठ करण्यापेक्षा एकच सवय लावून घ्या. दुकानदाराकडून पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यायचं आणि ते कोणत्या साली आलं ते फोनवर पाहायचं. दोन मिनिटांचं काम. आम्ही ती दोन मिनिटं वाचवली होती.

२. दोघांचं काम वेगळं

प्रोसेसर काय करतो आणि ग्राफिक्स कार्ड काय करतं, हे मला देवास गेटच्या पोह्यांच्या गाडीवर नीट कळलं. सकाळी बस पकडणाऱ्यांची झुंबड असते. एक माणूस ऑर्डर ऐकतो, कुणाला किती प्लेट, कुणाला शेव जास्त, कुणाला कांदा नको, हे ठरवतो आणि सांगतो. बाकीची पोरं भराभर प्लेटी भरतात, वर शेव, वर जिरावन. ऑर्डर घेणारा म्हणजे प्रोसेसर. प्लेटी भरणारे हात म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

गेममध्ये शत्रू कुठे आहे, गोळी लागली का, भिंत कोसळली का, हे प्रोसेसर ठरवतो. त्याप्रमाणे चित्र रंगवतं ते ग्राफिक्स कार्ड. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्रासाठी दोघांकडे जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात. १४४ चित्रं हवी असतील तर सातपेक्षाही कमी. ऑर्डर घेणारा गोंधळला तर प्लेटी भरणारी पोरं हात बांधून उभी. आणि भरणारा एकच असेल तर ऑर्डर घेणारा कितीही चपळ असून उपयोग नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'कोणता प्रोसेसर' हा नाहीच. पहिला प्रश्न असा की स्क्रीन कोणता आणि खेळायचं काय. साध्या फुल एचडी स्क्रीनवर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के स्क्रीनवर ८२,९४,४००, म्हणजे बरोब्बर चौपट. हे जादा ठिपके रंगवायचा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, प्रोसेसरवर फारसा नाही. उलट व्हॅलोरंटसारख्या स्पर्धेच्या गेममध्ये चित्र साधं असतं पण सेकंदाला दोनशे-दोनशे चित्रं हवी असतात, तिथे प्रोसेसरची कसोटी लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा देखणा गेम तर मध्यम मशीनवरही छान चालतो.

आमचा स्क्रीन जुनाच, फुल एचडी, आणि तो बदलायचा नव्हता. भावाला व्हॅलोरंट हवा होता आणि वर्षातून दोन-तीन मोठे, गोष्ट असलेले गेम. हे ठरलं आणि अर्धी यादी आपोआप पुसली गेली.

३. ग्राफिक्स कार्ड : ओटा केवढा आहे?

प्लेटी भरणारे हात कितीही असोत, ओटा लहान असेल तर काय होईल? शेव, कांदा, लिंबू सगळं मावणार नाही. दर दोन मिनिटांनी कुणीतरी मागच्या खोलीत पळणार. ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी म्हणजे हा ओटा. गेममधले कपड्यांचे, भिंतींचे, चेहऱ्यांचे नमुने तिथे मांडलेले असतात. मावले नाहीत की कॉम्प्युटरच्या साध्या रॅममधून आणावे लागतात. मग गेम मधेच अडखळतो किंवा भिंती पुसट दिसायला लागतात.

आणि मुद्दा असा की ही मेमरी नंतर वाढवता येत नाही. साधी रॅम आज १६ जीबी घेतली आणि पुढे आणखी घातली, असं चालतं. कार्डावरची मेमरी चिपला जोडूनच येते. जी घेतली ती घेतली.

याचा धडा जुन्या कार्डांतच आहे. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये आलं आणि नंतर कितीतरी वर्षं जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या गेमिंग कार्डांपैकी एक राहिलं. पण या एकाच नावाची दोन कार्डं होती, एक ६ जीबीचं आणि एक ३ जीबीचं. ३ जीबीच्या कार्डात मेमरी तर निम्मी होतीच, शिवाय आतले कोअरही १२८० ऐवजी ११५२ होते. घेताना थोडे पैसे वाचले, पण पुढच्या काही वर्षांत ३ जीबीवाल्यांना सेटिंग खाली-खाली आणावी लागली आणि ६ जीबीवाले खेळत राहिले.

हा प्रकार अजून सुरू आहे. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीतही निघालं आणि ८ जीबीतही. आरटीएक्स ५०६० टीआय आणि रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी ही २०२५ सालची कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन-दोन रूपांत मिळतात. खोक्यावर नाव तेच. म्हणून कार्डाचं नाव मेमरीच्या आकड्याशिवाय पूर्ण होत नाही, असं धरून चाला.

किती पुरेल? आजचे मोठे गेम बहुतेक वेळा प्लेस्टेशन ५ सारखी यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून बनतात. त्यात एकूण १६ जीबी मेमरी आहे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत वाटून घेतलेली. म्हणून फुल एचडीवर आज ८ जीबीत भागतं, पण पाच वर्षं काढायची असतील तर १२ किंवा १६ जीबी घ्यावं. नुसता व्हॅलोरंट खेळणाऱ्याने मात्र उगाच पैसे घालू नयेत, त्याला ८ जीबीही भरपूर.

टिकाऊपणाची दुसरी बाजू म्हणजे कार्डाला काय काय येतं. ताकद असूनही कार्ड बाद होऊ शकतं. २०२३ चा 'अॅलन वेक २' आला तेव्हा 'मेश शेडर' नावाची सोय नसलेल्या जुन्या कार्डांवर तो धड चालेना, आणि त्यांत एकेकाळचं महागडं जीटीएक्स १०८० टीआयही होतं. २०२४ च्या शेवटी आलेला इंडियाना जोन्सचा गेम रे ट्रेसिंगची सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे 'जुनं पण दणकट' कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणंही थांबवलं. १०६० ने नऊ वर्षं सेवा केली. कार्डाचं आयुष्य मोजायला हे चांगलं माप आहे, पण ही वर्षं मोजायची कार्ड बाजारात आल्यापासून. आपण घेतल्यापासून नाही.

४. प्रोसेसर : खाच कोणती?

भावाच्या यादीत निम्मे पैसे प्रोसेसरवर होते आणि कार्ड होतं ८ जीबीचं. "ताई, प्रोसेसर म्हणजे मेंदू. मेंदूत कंजूषी नको," असं त्याचं म्हणणं. मी ते उलटं केलं तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

माझं म्हणणं असं होतं. प्रोसेसर मदरबोर्डवरच्या एका खाचेत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. त्या खाचेला भविष्य असेल तर आज मध्यम प्रोसेसर घेऊन चालतं, कारण पुढे तोच काढून त्याच बोर्डवर चांगला बसवता येतो. एएमडीच्या एएम४ खाचेची गोष्ट पाहा. २०१७ मध्ये तिच्यावर पहिले रायझन आले आणि २०२२ मध्ये त्याच खाचेसाठी रायझन ७ ५८००एक्स३डी आला. अनेक जुन्या बोर्डांवर फक्त बायोस अपडेट करून तो बसला. पाच वर्षांचं अंतर, पण बोर्ड तोच, रॅम तीच. इंटेलच्या एलजीए १७०० खाचेवर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते, पण २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी खाच बदलली.

सध्या एएमडीची खाच एएम५ आहे, २०२२ मध्ये आलेली. २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही तिला साथ देऊ, असं कंपनीने जाहीर केलं आहे. म्हणून आम्ही रायझन ५ ७६०० घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉटचा. पंखा खोक्यातच मिळतो. शिवाय त्यात स्वतःचं साधं ग्राफिक्स आहे. कधी कार्ड दुरुस्तीला गेलं तरी स्क्रीन काळा पडणार नाही, प्रोजेक्ट आणि ऑनलाइन क्लास चालू राहतील. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या शहरात असलं की या गोष्टीची किंमत कळते.

आय५-१२४००एफ सारखा प्रोसेसर वाईट नाही, हेही सांगते. स्वस्त आहे, सहा कोअरचा आहे, आजचे गेम व्यवस्थित चालवतो. ज्याला पुढे काही बदलायचंच नाही आणि बजेट कमी आहे, त्याने तो घेऊन उरलेले पैसे कार्डात घालावेत.

या सगळ्यातून मला एकच नियम सापडला. जे नंतर बदलता किंवा वाढवता येत नाही त्यात आज पैसे घाला, आणि जे बदलता येतं त्यात आज थोडं कमी घ्या. कार्डची मेमरी, बोर्डची खाच आणि पॉवर सप्लाय ही पहिली यादी. प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क ही दुसरी.

५. मे महिना विसरू नका

पॉवर सप्लाय पहिल्या यादीत का? कारण तो बिघडला तर एकटा जात नाही, कधीकधी सोबत इतरांनाही घेऊन जातो. आमच्या कार्डाला १६० वॉट लागतात आणि प्रोसेसर धरून सगळं मिळून तीनशेच्या आत राहतं. तरी आम्ही ६५० वॉटचा घेतला, म्हणजे पुढे मोठा प्रोसेसर बसवताना तो बदलावा लागणार नाही. '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. त्याच्या जोडीने वॉरंटी किती वर्षांची आहे तेही पाहा.

माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. स्टँडच्या आसपास दिवसभर बसची धूळ. पुढून काचबंद, दिसायला देखणा कॅबिनेट म्हणजे आतल्या मशीनला बंद खोलीत कोंडणं. पुढे जाळी असलेला घ्या, जमिनीवर ठेवू नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी धूळ काढा.

६. खरेदीचा दिवस

रविवारी मिस्सा झाल्यावर यादी पक्की केली आणि सोमवारी देवास गेटवरून इंदूरची बस धरली, साधारण पंचावन्न किलोमीटर. त्या दिवसांत रॅमचे भाव चढायला लागले होते, म्हणून ३२ जीबीचा विचार सोडून ८-८ च्या दोन पट्ट्या घेतल्या. एकाच पट्टीपेक्षा दोन लावल्या की वेग जास्त मिळतो.

कार्डाच्या वेळी दुकानदाराने आरएक्स ९०६० एक्सटीचं खोकं पुढे केलं, बरंच स्वस्त. मी बाजूचं लेबल वाचलं. ८ जीबी. तो म्हणाला, "नाम तो वही है मैडम." मी म्हटलं, "भैया, नाम पूरा पढ़ना पड़ता है." भाऊ हसला. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

१६ जीबीचं घेतलं. एकूण बिल नव्वद हजारांच्या आत बसलं.

खरेदीला जाणाऱ्यांसाठी पाच गोष्टी खिशात ठेवायला :

— आधी स्क्रीन आणि गेम ठरवा, मग दुकानात जा.
— प्रोसेसरचं पूर्ण नाव घ्या आणि साल पाहा.
— कार्डाचं नाव मेमरीच्या आकड्यासकट घ्या.
— बोर्डची खाच विचारा आणि तिच्यावर पुढे काय बसेल तेही विचारा.
— बिलात प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, पूर्ण नावाने लिहून घ्या. वॉरंटी त्या ओळीवरच मिळते.

हे मशीन २०३० पर्यंत चालेल का? डॅडींनी त्या रात्री हेच विचारलं. मी सांगितलं, चालेल, पण पाचव्या वर्षी नवे गेम सगळ्यात वरच्या सेटिंगवर चालणार नाहीत. एक-दोन पायऱ्या खाली उतरावं लागेल. आणि तेव्हा याला पहिला पगार मिळाला की त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर बसवता येईल, त्याच्याच पैशाने. डॅडी म्हणाले, "हे त्या दुकानदाराने सांगितलं असतं तर!" मग त्यांनी नवं बिल घडी करून बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवलं, २०१९ च्या बिलाशेजारी. जुन्या बिलावर एकच ओळ आहे, 'आय-सेव्हन पीसी'. नव्यावर आठ ओळी आहेत आणि त्यातली प्रत्येक मी दुकानातच उभं राहून मोठ्याने वाचून घेतली आहे.